विंडोजवर क्यूट्रॅक्टर, योशिमी आणि गिटारिक्स: डब्ल्यूएसएल, व्हर्च्युअलबॉक्स की पेनड्राइव्ह?

क्यूट्रॅक्टर (ट्रॅकवर गाणं रचण्याचं), रोजगार्डन (मिडी आणि स्वरलिपीचं), योशिमी (सिंथेसायझर) आणि गिटारिक्स (गिटारचा आभासी अँप) ही चारही संगीताची सॉफ्टवेअरं लिनक्ससाठीच लिहिलेली आहेत. आवाजासाठी ती जॅकवर (सॉफ्टवेअरं आणि साउंडकार्ड यांच्यात आवाज फिरवणारा सर्व्हर) आणि मिडीसाठी, म्हणजे कळांच्या संदेशांसाठी, बहुतेक अल्सावर अवलंबून असतात. अल्सा हा लिनक्स कर्नलचाच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचाच भाग, त्यामुळे विंडोजमध्ये तो असण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही विंडोजच्या लॅपटॉपवर ही सॉफ्टवेअरं चालवता येतात. त्याचे तीन रस्ते आहेत आणि तिन्ही फुकट आहेत: डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय), व्हर्च्युअलबॉक्स (आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि पेनड्राइव्हवरून थेट लिनक्स. या परीक्षणात जास्त जागा डब्ल्यूएसएलला दिली आहे, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

त्याआधी एक खात्री करून घ्या. हवं असलेलं सॉफ्टवेअर खरंच फक्त लिनक्सचं आहे का? आर्डर, हायड्रोजन, कार्ला, एलएमएमएस आणि झिनॲडसबएफएक्स यांच्या विंडोज आणि मॅकसाठीच्या आवृत्त्या मिळतात. त्या सरळ उतरवून घ्याव्यात, मध्ये लिनक्स आणून काहीच फायदा नाही. योशिमी हवं असणाऱ्यांनी तर हे नक्की पाहावं. २००९ मध्ये योशिमी झिनॲडसबएफएक्समधूनच फुटून निघालं आणि दोघांच्या वाद्यांच्या फाइली अजूनही एक्सआयझेड या एकाच प्रकारच्या आहेत. फक्त जुन्या बँकांमधले (वाद्यांच्या संचांमधले) सूर हवे असतील तर विंडोजवरचं झिन ते उघडतं. बारीकसारीक फरक कानाला लागतात, पण काम चालतं.

आज्ञांबद्दल एक सूचना. त्या इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत कराव्यात.

डब्ल्यूएसएल बसवणं अगदी सोपं आहे. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, ‘डब्ल्यूएसएल डॅश-डॅश इन्स्टॉल’ द्यायचं, मशीन रीस्टार्ट करायचं आणि उबुंटूसाठी नाव-पासवर्ड ठरवायचा. मशीनवर आधीपासून जुनं डब्ल्यूएसएल असेल तर ‘डब्ल्यूएसएल डॅश-डॅश अपडेट’ चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका. खिडक्या दाखवणारा आणि आवाज पोचवणारा डब्ल्यूएसएलजी नावाचा भाग जुन्यात नसतो. ‘डब्ल्यूएसएल डॅश-डॅश व्हर्जन’ दिल्यावर यादीत डब्ल्यूएसएलजीची ओळ दिसली म्हणजे झालं. त्यानंतर उबुंटूच्या आत ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल योशिमी’ म्हटलं की दोन मिनिटांत योशिमीची खिडकी विंडोजच्या टास्कबारवर येते. इथवर डब्ल्यूएसएलला पैकीच्या पैकी गुण. स्क्रीनचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के ठेवलं असेल तर खिडक्या बारीक दिसतात, कारण डब्ल्यूएसएलजी स्केलिंग खालच्या पूर्ण शंभरावर आणून ठेवतो. एवढीच एक तक्रार.

खरी अडचण आवाजाच्या वाटेवर आहे. डब्ल्यूएसएल२ हे एक छोटं आभासी मशीन आहे आणि त्याला तुमचं साउंडकार्ड दिसतच नाही. आवाज आधी डब्ल्यूएसएलजीमधल्या पल्सऑडिओ या आवाजाच्या सर्व्हरकडे जातो. तिथून रिमोट डेस्कटॉपच्या प्रोटोकॉलवर बसून विंडोजकडे येतो आणि मग विंडोज तो स्पीकरला देतं. ‘पॅक्टल लिस्ट शॉर्ट सिंक्स’ ही आज्ञा दिलीत (पल्सऑडिओ-युटिल्स पॅकेज लागेल) तर तिथे आरडीपीसिंक नावाचं एकच उपकरण दिसेल: १६ बिट, स्टीरिओ, ४४१०० हर्ट्झ. माइकच्या बाजूला आरडीपीसोर्स, तोही मोनो. तुमच्याकडे २४ बिटांचा, आठ चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (बाहेरचं साउंडकार्ड) असला तरी डब्ल्यूएसएलच्या आतून एवढंच दिसतं.

दूरच्या मशीनची सूचना-घंटी किंवा व्हिडिओचा आवाज ऐकू यावा म्हणून ही वाट बांधलेली आहे. वाद्य वाजवण्यासाठी ती नाही. उशीर म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांत पाहू. बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) १२८ नमुन्यांचा, दोन तुकड्यांचा आणि दर सेकंदाला ४८००० नमुन्यांचा असेल तर १२८ गुणिले २ भागिले ४८००० म्हणजे ५.३ मिलिसेकंद. बफर १०२४ केला तर ४२.७. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद हे स्पीकरपासून साडेतीन मीटर लांब बसण्यासारखं आहे आणि ते सहज चालतं. पण उशीर शंभराच्या पुढे गेला की हात आणि कान यांची फारकत होते. द्रुत त्रितालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. १२५ मिलिसेकंद उशिरा आलेला बोल अर्धी मात्रा चुकलेला असतो, मग वाजवणारा कितीही तयारीचा असो. डब्ल्यूएसएलमधून कळ दाबून सूर ऐकताना पडणारं अंतर याच जातीचं आहे. सेटिंग कितीही बदललीत तरी ते वाजवण्याजोगं होत नाही, आणि यात तुमच्या मशीनचा दोष नाही.

मग डब्ल्यूएसएलमध्ये काय करता येतं? बरंच काही, पण आधी जॅकची सोय लावावी लागते. ‘जॅकडी’ अल्सावर सुरू करायला गेलात तर तो लगेच मरतो, कारण कार्डच नाही. सर्वात कमी त्रासाची वाट पाइपवायरची, म्हणजे जॅकचीही जागा घेऊ शकणाऱ्या नव्या आवाज-सर्व्हरची आहे. पाइपवायर, पाइपवायर-जॅक आणि वायरप्लंबर ही पॅकेजेस बसवा. घरच्या फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग, त्यात पाइपवायर, त्यात ‘पाइपवायर डॉट कॉन्फ डॉट डी’ असा फोल्डर करा आणि त्यात पल्स-टनेल मॉड्यूल चढवणारी छोटी फाइल ठेवा. टनेलचा मोड ‘सिंक’ आणि सर्व्हरचा पत्ता एमएनटी फोल्डरातल्या डब्ल्यूएसएलजीमधलं ‘पल्ससर्व्हर’ नावाचं सॉकेट, असं त्यात द्यायचं. त्याच फाइलीत पाइपवायरचा मूळ दर ४४१०० करून टाका. तो ४८००० राहिला तर प्रत्येक सूर वाटेत विनाकारण एकदा जास्त बदलला जातो. पाइपवायर पुन्हा सुरू करा आणि सॉफ्टवेअरच्या नावाआधी ‘पीडब्ल्यू-जॅक’ लावून ते उघडा. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा भाग) चालू असणं गरजेचं आहे. नव्या उबुंटूत ते चालूच असतं. जुन्यात ईटीसीमधल्या डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फमध्ये बूट या भागाखाली सिस्टमडी ‘ट्रू’ करून डब्ल्यूएसएल ‘डब्ल्यूएसएल डॅश-डॅश शटडाउन’ने पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं लागतं. नुसती खिडकी बंद केल्याने बदल लागू होत नाही, आणि अनेक जण नेमके इथेच तासभर घालवतात.

या टनेलची मूळ लेटन्सी, म्हणजे उशीर, २०० मिलिसेकंद आहे. ‘पल्स डॉट लेटन्सी’ हा आकडा खाली आणता येतो, पण एका टप्प्यावर चरचर सुरू होते. तिथून एक पायरी वर थांबा. चरचरीचं कारण समजून घेतलं तर वैताग कमी होईल. डब्ल्यूएसएलच्या आत जॅकचा ठोका कर्नलच्या टायमरवर पडतो आणि विंडोजच्या कार्डाचा ठोका त्याच्या स्वतःच्या क्रिस्टलवर. दोन घड्याळं कधीच अगदी बरोबर चालत नाहीत. बफर मोठा असेल तर टनेल तो फरक हळूहळू जुळवून घेतो, बफर लहान असेल तर त्याला जागाच उरत नाही. या चरचरीच्या वेळी जॅकच्या बाजूला एक्सरन (वेळेत न पोचलेले आवाजाचे तुकडे) शून्य दिसतात, कारण चूक तिथे झालेलीच नसते. तिथला आकडा पाहून सीपीयूवर संशय घेऊ नका.

दुसरा अडथळा मिडीचा. क्यूट्रॅक्टर उघडताच ऑडिओ/मिडी इंजिन सुरू होऊ शकलं नाही, जॅक किंवा पाइपवायर चालू आहे का आणि अल्सा सिक्वेन्सरचं कर्नल मॉड्यूल चढलं आहे का ते पाहा, असा निरोप येतो. लोक जॅकच्याच मागे लागतात. गोची बहुधा दुसऱ्या अर्ध्या वाक्यात असते. ‘डेव्ह’ फोल्डरात ‘एसएनडी’ आहे का आणि त्यात ‘सेक’ आहे का, ते पाहा. नसेल तर ‘सुडो मॉडप्रोब एसएनडी-सेक’ करून पाहा. तेही नाही म्हणालं तर त्या कर्नलमध्ये आवाजाचा विभागच बांधलेला नाही, आणि पॅकेज कितीही बसवली तरी उपयोग होणार नाही. रोजगार्डनचंही हेच.

उपाय आहे, पण त्यासाठी कर्नल स्वतः बांधावा लागतो. मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसएल२ च्या कर्नलचा सोर्स गिटहबवर खुला ठेवला आहे. तो उतरवा. बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, ड्वार्व्हज, तसंच ओपनएसएसएल आणि एल्फच्या डेव्हलपमेंट लायब्ऱ्या बसवा. सोबत दिलेली मायक्रोसॉफ्टची कॉन्फिग घेऊन मेन्यूमध्ये साउंड, अल्सा, सिक्वेन्सर, व्हर्च्युअल मिडी आणि यूएसबी ऑडिओ हे पाच विभाग चालू करा. मॉड्यूल म्हणून नको, थेट आत बांधा, म्हणजे मॉड्यूल बसवण्याची वेगळी खटपट वाचते. तयार झालेली ‘बीझेडइमेज’ विंडोजच्या डिस्कवर ठेवा आणि तुमच्या युजर फोल्डरमधल्या डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिगमध्ये ‘कर्नल’ या ओळीत तिचा पत्ता लिहा. पत्त्यातला प्रत्येक उलटा स्लॅश दोनदा लिहायचा. एकदाच लिहिला तर ती ओळ नीट वाचली जात नाही आणि सगळी मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. शेवटी ‘युनेम डॅश आर’ने चालू कर्नल खरंच तुमचा आहे का ते पाहा. काम सुटीच्या दिवसाचं आहे, पण एकदा झालं की क्यूट्रॅक्टर आणि रोजगार्डन दोन्ही मुकाट्याने उघडतात.

मिडी कीबोर्ड आत आणायला यूएसबीआयपीडी-विन हे साधन उत्तम आहे. विनगेटने बसवा. ‘यूएसबीआयपीडी लिस्ट’मध्ये कीबोर्डचा बस क्रमांक मिळतो. ॲडमिनिस्ट्रेटर पॉवरशेलमधून तो एकदा ‘बाइंड’ करा, मग ‘अटॅच डॅश-डॅश डब्ल्यूएसएल’. कीबोर्ड काढून पुन्हा लावला की ‘अटॅच’ परत करावं लागतं, ‘बाइंड’ नाही. मिडीचा मजकूर थोडा असतो आणि यूएसबीवर तो बल्क पद्धतीने जातो, म्हणून नीट पोचतो. हाच प्रयोग ऑडिओ इंटरफेसवर करू नका. ऑडिओ आयसोक्रोनस पद्धतीने जातो, म्हणजे ठरलेल्या क्षणी ठरलेला तुकडा पोचलाच पाहिजे, आणि नेटवर्कवरून फिरवलेल्या यूएसबीला हे वचन पाळता येत नाही. उपकरण यादीत दिसतं, आशा वाटते आणि आवाज फाटका येतो.

आता डब्ल्यूएसएल जिथे मनापासून शिफारस करण्यासारखं आहे, ते काम. तिथे वेळेचं बंधन नसतं. गिटारिक्स घ्या. डब्ल्यूएसएलमध्ये गिटार लावून वाजवणं व्यर्थ आहे. पण कोरी, म्हणजे इफेक्ट न लावलेली गिटार विंडोजवरच्या आर्डरमध्ये इंटरफेसमधून रेकॉर्ड करा आणि ती वेव्ह फाइल डब्ल्यूएसएलमध्ये न्या. तिथे आर्डर आणि ‘गिटारिक्स-एलव्ही२’ हे पॅकेज बसवा. आर्डरच्या ऑडिओ सेटअपमध्ये पल्सऑडिओ निवडा, तो पर्याय दिसला नाही तर डमी निवडूनही निर्यात होते. ट्रॅकवर गिटारिक्सचे अँप आणि कॅबिनेट लावा, ऐकत ऐकत त्यांचे नॉब फिरवा आणि निर्यात करा. निर्यात होताना हिशोब साउंडकार्डाच्या ठोक्यावर चालत नाही. ऐकताना चरचर आली असली तरी निघालेल्या फाइलीत तिचा मागमूस नसतो. क्यूट्रॅक्टरची ऑडिओ निर्यातही जॅकच्या फ्रीव्हील (कार्डाच्या ठोक्याची वाट न पाहणाऱ्या) पद्धतीने होते, तिथेही हेच लागू. या कामात डब्ल्यूएसएल खऱ्या लिनक्सपेक्षा कुठेच कमी पडत नाही.

फक्त फाइली लिनक्सच्या घरच्या फोल्डरात ठेवा. एमएनटीमधल्या सी ड्राइव्हवर ठेवल्या तर प्रत्येक वाचन दोन सिस्टिमच्या मधल्या फाइल-पुलावरून होतं आणि दहा-बारा ट्रॅकच्या गाण्याला धाप लागते. काम झालं की एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीतल्या लिनक्समधून तयार फाइल उचलून आणा. दुसरं, डब्ल्यूएसएल मुळात मशीनच्या रॅमपैकी निम्मीच वापरू शकतं. ८ जीबीच्या मशीनवर मोठी सॅम्पल लायब्ररी उघडताना ४ जीबीत भागवायचं आहे हे लक्षात ठेवा, किंवा डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिगमध्ये ‘मेमरी’ वाढवून द्या.

व्हर्च्युअलबॉक्सबद्दल थोडक्यात. इथे पूर्ण उबुंटू किंवा डेबियन स्वतःच्या कर्नलसकट बसतो, म्हणून अल्सा सिक्वेन्सर पहिल्या दिवसापासून हजर असतो. कर्नल बांधायचा नसेल आणि रोजगार्डनमध्ये स्वरलिपी लिहायची असेल तर हीच वाट सोयीची. ऑडिओ कंट्रोलर इंटेल एचडी निवडा. ऑडिओ इनपुट मुळात बंद असतं, ते सेटिंगमध्ये खूण करून चालू करा, नाहीतर माइक का चालत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाईल. जॅकमध्ये १०२४ चे तीन तुकडे आणि ४८००० ठेवा. तेवढ्याचेच ६४ मिलिसेकंद होतात आणि खालचं विंडोज त्यात आपली भर घालतं, त्यामुळे थेट वाजवणं इथेही नाही. एक खूण मात्र ओळखून ठेवा. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर विंडोजचा हायपर-व्ही (आभासी मशीन चालवणारा भाग) आधीच प्रोसेसर धरून बसला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या पाठीवर बसून चालतं आहे. आवाज तुटायला तेवढं पुरतं. डब्ल्यूएसएल२ ला हायपर-व्ही लागतो, त्यामुळे कासव घालवायचं तर डब्ल्यूएसएलही बंद ठेवावं लागतं, शिवाय कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटीही. दोन्ही सोबत नीट चालवण्याचा हट्ट सोडा.

ज्यांना खरंच वाजवायचं आहे, गिटार लावून गिटारिक्समधून ऐकायचं आहे, योशिमी कीबोर्डवर वाजवायचं आहे, त्यांना उत्तर एकच: मशीन थेट लिनक्समध्ये सुरू करा. विंडोजला हात लावायची गरज नाही. उबुंटू स्टुडिओची आयएसओ रुफसने ३२ जीबीच्या यूएसबी ३ पेनड्राइव्हवर उतरवा. रुफसमध्ये कायम साठवणीची पट्टी सरकवून काही जीबी द्या, नाहीतर बंद केल्यावर सेटिंग पुसली जातील. रोजच्या वापराला पेनड्राइव्हपेक्षा बाहेरची एसएसडी कितीतरी चांगली. तिच्यावर पूर्ण इन्स्टॉल करताना बूटलोडर (मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) कुठे जातो आहे ते डोळ्यांत तेल घालून पाहा. इन्स्टॉलर कधी कधी तो आतल्या डिस्कच्या ईएफआय भागात ठेवतो आणि मग एसएसडी काढल्यावर मशीन सुरू होताना अडखळतं.

इथे एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्या. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आधीच बिटलॉकरने कुलूपबंद असते. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बदललंत तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा, मग बायोस उघडा. उबुंटू सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतं, त्यामुळे ते बंद करायची सहसा वेळच येत नाही.

लिनक्स सुरू झाल्यावर यूएसबी इंटरफेस लावा. क्लास-कम्प्लायंट (यूएसबीचे ठरलेले नियम पाळणारा) असेल तर ड्रायव्हर लागत नाही. उबुंटू स्टुडिओत रिअलटाइमची परवानगी तयार असते. साध्या उबुंटूत तुम्हाला ‘ऑडिओ’ गटात जावं लागतं आणि त्या गटाला आरटीप्राय (रिअलटाइम प्राधान्य) ९५ आणि मेमलॉक (रॅम राखून ठेवण्याची मर्यादा) अमर्याद द्यावा लागतो. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन, हे विसरू नका. सुरुवात १२८ आणि ४८००० ने करा. यूएसबी इंटरफेसला दोनऐवजी तीन तुकडे मानवतात, म्हणजे ८ मिलिसेकंद. एक्सरन आले तर वायफाय बंद करा, सीपीयू गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर न्या आणि इंटरफेस हबमधून काढून थेट मशीनला लावा. तरी आले तरच २५६ वर जा. खरा उशीर मोजायचा तर इंटरफेसचं आउटपुट वायरीने त्याच्याच इनपुटला जोडा आणि ‘जॅक अंडरस्कोर आयओडिले’ चालवा. तिथला आकडा हिशोबापेक्षा थोडा जास्तच निघतो, कारण कार्डाच्या आतले कन्व्हर्टर आणि यूएसबी आपला वाटा घेतात. त्याच लॅपटॉपवर, त्याच इंटरफेसवर, तेच गिटारिक्स आता बोटाबरोबर बोलतं. डब्ल्यूएसएलमध्ये आठवडा घालवून जे होत नाही ते इथे पहिल्या तासात होतं.

मॅकवाल्यांसाठी चित्र वेगळं आहे. इंटेल मॅकवर ऑप्शन दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करता येतं. टी२ चिप असेल तर आधी स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत सिक्युअर बूट बंद करून बाहेरून सुरू करण्याची परवानगी द्यावी लागते. ॲपल सिलिकॉनवर (एम मालिकेच्या चिपवर) असा पेनड्राइव्ह चालतच नाही. एम१ किंवा एम२ असेल तर फेडोरा असाही रीमिक्स डिस्कवर बसवता येतं. ते नको असेल तर यूटीएम या आभासी मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आर्म६४ चं डेबियन बसवा. योशिमी, गिटारिक्स, क्यूट्रॅक्टर, तिन्ही त्यात आर्मसाठी मिळतात. तिथेही आवाज आभासी कार्डातूनच येतो, म्हणून निर्यातीचं काम करा आणि वाजवायला मॅकवरचं जॅक आणि कार्ला वापरा.